यकृताची पुनर्निर्मिती : पेशींचे सहकार्य व आपली दक्षता

नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत ज्वारीप्रमाणेच मक्याची भाकरीही अनेक आदिवासी कुटुंबांच्या नित्याच्या आहारात असते. मका हेच मुख्य अन्न असलेल्या बांसवाडा (राजस्थान) व पंचमहाल (गुजरात) जिल्ह्यांतील आदिवासी वस्त्यांत १९७४ च्या अखेरीस काविळीची साथ येऊन शंभरावर माणसे दगावली. अवेळी पावसात भिजलेल्या मक्यावर बुरशी वाढली होती. तिच्यातील अफ्लाटॉक्सिन या विषाने रुग्णांच्या यकृतावर आघात केला होता.

वास्तविक, पुन्हा वाढण्याची यकृताइतकी शक्ती शरीरातील अन्य कोणत्याही मोठ्या अवयवात नाही. १९३१ मध्ये हिगिन्स व अँडरसन या अमेरिकन संशोधकांनी उंदरांच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग काढून दाखविले की, उरलेला भाग वाढून मूळ वजन भरून काढतो.

हे कार्य एकट्या यकृतपेशींचे नव्हे. यकृतातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत जणू पहारा देणाऱ्या कुफर पेशी इजा होताच रासायनिक संदेश सोडतात. त्यामुळे एरवी क्वचितच विभागणाऱ्या यकृतपेशी विभाजनास सिद्ध होतात. वाहिन्यांच्या अस्तरपेशी आणि अ जीवनसत्त्व साठविणाऱ्या तारकापेशी वाढीस चालना देणारी प्रथिने पुरवितात. उलटपक्षी, वाढत्या यकृतपेशी अस्तरपेशींना नव्या वाहिन्या उभारण्याचा संदेश देतात. आवश्यक तेवढी वाढ झाल्यावर थांबण्याचा इशाराही या परस्परसंवादातूनच मिळतो.

तथापि या शक्तीस मर्यादा आहेत. विषाने एकाच वेळी असंख्य यकृतपेशी मेल्या, तर वाढीस पुरेशा पेशीच उरत नाहीत. दारू किंवा ‘ब’ व ‘क’ प्रकारची कावीळ यांमुळे वर्षानुवर्षे इजा होत राहिली, तर तारकापेशी वाढीस साहाय्य करण्याऐवजी कठीण तंतू निर्माण करतात. यकृत व्रणांनी भरते. यासच सिरोसिस म्हणतात.

म्हणून इजा वेळीच थांबविणे हाच खरा उपाय होय. मका कडक उन्हात पूर्ण वाळवून, जमिनीपासून उंच व कोरड्या जागी साठवावा. बुरशी आलेले दाणे खाऊ नयेत, जनावरांनाही घालू नयेत; भाकरी भाजल्याने हे विष पूर्णपणे नष्ट होत नाही. नवजात बालकास २४ तासांच्या आत ‘ब’ काविळीची लस टोचून घ्यावी. ही माहिती शाळा व ग्रामसभांतून पाड्यापाड्यांपर्यंत पोहोचविल्यास अनेक जीव वाचू शकतील.