पासिंगआधी जीपखाली वाका

वीस वर्षांपुढच्या हलक्या वाहनांचं नोंदणी नूतनीकरण ऑगस्ट २०२५पासून दहा हजारांवर गेलं. त्यावर ओरड बरीच झाली. पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ची (व्हिंटेज) मानाची पाटी २०२१पासून आहे, पण तिचे वीस हजार भरल्यावर गाडी रोज चालवता येत नाही. ‘एमएच-१७’ची जुनी जीप श्रीरामपूरच्या ऊसपट्ट्यात अजून शेतावर जाते. तिच्या मालकाला माझा प्रश्न शुल्काचा नाही, स्टिअरिंगचा आहे.

स्टिअरिंग चार बोटं फिरवल्याशिवाय पुढचं चाक हलत नसेल, तर प्ले आलेला आहे. इथे हमखास होणारी चूक म्हणजे थेट स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळणं. जुन्या सीजे-३बी जीपच्या बॉक्सचा कॅम मुळातच मधोमध घट्ट घडवलेला असतो आणि झिजतोही तिथेच. चाकं सरळ ठेवून प्ले काढायचा, मग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहायचं. वळणावर अडकलं, तर कॅम गेला. मग कितीही आवळा, उपयोग शून्य. सील गळतं म्हणून बॉक्समध्ये ग्रीस कोंबणं हाही तसलाच उद्योग. ग्रीस एकदा बाजूला सरलं की परत कॅमवर येत नाही. सील बदला, नव्वद नंबरचं ऑइल घाला.

बॉक्सच्या आधी सांधे बघा. गाडी चाकांवर उभी असताना एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने खाली ड्रॅग लिंक आणि टाय-रॉड एंडवर हात ठेवायचा. कुठला सांधा आधी हलतो आणि पुढचा उशिरा, हे बोटांना कळतं. रबरी बूट फाटलं की काळी माती आत जाते आणि सांधा खाते.

मग पुढचं चाक जॅकवर उचला, टायर वर-खाली धरून हलवा आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबताच खडखड थांबली, तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. चालूच राहिली, तर किंगपिनचा. खड्ड्यावरून जाताना पुढची चाकं थरथरू लागतात, त्यामागे अनेकदा हा किंगपिनच असतो.

स्टिअरिंगच्या भागाला वेल्डिंग कधीही नको, आणि जुनी स्प्लिट पिन पुन्हा वापरू नका. दहा हजार भरून कागद नवा होतो, सांधे नाही. म्हणून पासिंगला नेण्याआधी मिस्त्रीला सांगा: आधी प्ले कुठे आहे ते बोटाने दाखव, मग पाना उचल.