काळीशिवाय पांढरी वाचता येत नाही

गावाची जमीन सांगायला आपल्याकडे दोन रंग पुरतात. काळी म्हणजे कसायची, पांढरी म्हणजे वसायची. जुन्या कागदपत्रांत ही जोडी सतत भेटते आणि तिच्यातला पांढरा रंग नुसता बोलण्यापुरता नाही. मातीची भिंत पडते, तिच्यावर नवी उभी राहते. चुलीतली राख, शेण, चुना, हाडे, खापरे तिच्यात मुरत जातात. अशी शेकडो वर्षे गेली की भोवतालच्या काळ्याभोर रानात फिक्या, भुसभुशीत मातीचा उंचवटा तयार होतो. यवतमाळ जिल्ह्यात बाभूळगाव तालुक्यातल्या पाचखेडला अशीच एक पांढरीची टेकडी आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने डॉ. प्रभाष साहू यांच्या नेतृत्वाखाली 2023-24 च्या हंगामात तिथे उत्खनन केले. तेव्हा वस्तीचे सुमारे पावणेनऊ मीटर जाडीचे थर लागले. तळाशी लोहयुग, त्यावर सातवाहन काळ, मग मध्ययुग आणि सगळ्यात वर निजामकाळ. तळच्या वस्तीचे वय सुमारे तीन हजार वर्षे असावे, असा उत्खननकर्त्यांचा अंदाज आहे.

प्राचीन स्थळ म्हटले की आजकाल डोळ्यांपुढे पेरूमधले माचू पिच्चू येते. ढगांत बुडालेली शिखरे, खाली उरुबांबा नदी, मध्ये ग्रॅनाइटच्या भिंती. त्याच्याशेजारी पाचखेडचा उंचवटा ठेवला तर कुणालाही हसू येईल. पण इंका लोकांनी ते नगर 1450 च्या सुमारास बांधले आणि तेही लोखंडाविना, कारण लोखंड त्यांना ठाऊकच नव्हते. पाचखेडचा माणूस त्याआधी दोन हजारांहून अधिक वर्षे लोखंड वापरत होता. अर्थात कोण पुढे, कोण मागे ही शर्यत इथे लावायची नाही. माचू पिच्चूकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. 1983 मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेले ते सांस्कृतिक आणि नैसर्गिक अशा दोन्ही निकषांवर, आणि वारशात भिंतींबरोबर भोवतालचे हजारो हेक्टर डोंगर-जंगलही धरले गेले. तिथल्या पायऱ्यांच्या शेतांखाली दगड, खडी, वाळूचे थर आहेत. धो धो पाऊस त्यांतून झिरपून जातो, म्हणून नगर उतारावर टिकले. डोंगर वगळला तर त्या भिंतींचा अर्थच लागत नाही.

हीच कसोटी पाचखेडला लावून पाहू. उत्खननात एका गोल घराचे अवशेष मिळाले : चुन्याची जमीन, चूल, खांबांच्या खुणा. शिवाय लोखंडी वस्तू, मौल्यवान खड्यांचे मणी, मातीचे मणी, हाडांच्या वस्तू. यातली एकेक वस्तू घेऊन शिवारात उतरावे. खांब लाकडाचे, म्हणजे हाताशी झाडोरा होता. चुना मिळवायला या भागात फार लांब जावे लागत नाही. काळ्या मातीतच चुनखडे निघतात. अकीक, गारगोटीसारखे खडे काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत तयार होतात आणि नदीनाल्यांच्या पात्रांत वाहून येतात. लोखंडापाशी मात्र शिवार अपुरे पडते. विदर्भातले चांगले लोहखनिज पूर्वेकडे, आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे आहे. तेव्हा पाचखेडचे लोखंड, निदान त्याचे खनिज, बहुधा बाहेरून आले असणार. म्हणजेच या गावाला वाटा होत्या, देवघेव होती. घरातल्या चार वस्तूंमधली कोणती गावची आणि कोणती परगावची, हे घर सांगत नाही. ते सांगतो भोवतालचा खडक आणि माती. म्हणून माझे म्हणणे असे की टेकडीला कुंपण घातले म्हणजे स्थळ राखले असे होत नाही. नाला, शिवार आणि खडक हे त्या स्थळाचेच भाग मानले पाहिजेत.

यावर कुणी म्हणेल, भोवताल आता जुना कुठे राहिला? ज्या रानात आज कापूस, तूर, सोयाबीन आहे, तिथे तीन हजार वर्षांपूर्वी काय होते, हे आजच्या पिकावरून कसे कळणार? आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. पीक बदलते, झाडोरा जातो. खडक, मातीचा पोत आणि पाण्याचा उतार इतक्या लवकर बदलत नाहीत. उरलेल्या अर्ध्यासाठी तर थर शाबूत हवेत, कारण जळके दाणे आणि परागकण त्यांतच सापडू शकतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. पांढरीची माती भिंतींना चांगली आणि शेतात टाकायलाही चांगली. शेतकऱ्याने दोन ट्रॉल्या नेल्या तर बिघडले कुठे? कोरडवाहू कापसावर घर चालवणाऱ्याला वारशाचे प्रवचन देणे सोपे असते, ते इथे करायचे नाही. पण हिशेब असा की ट्रॉलीत भरलेल्या मातीत वरचा थर खालच्यात मिसळतो. मग मणी सातवाहनांचा की त्याआधीचा, हे कुणालाच सांगता येत नाही. मणी उरतो, त्याचा काळ जातो. शेताला सकस माती हवी असेल तर तलावातला गाळ आहेच. गाळाने पीक सुधारते आणि कुणाचे घर मोडत नाही.

आणि तिथे जाऊन पाहायचे काय, असे विचारणाऱ्यांसाठी : खोदलेले खड्डे शास्त्रशुद्ध पद्धतीत बहुधा पुन्हा बुजवले जातात, तेव्हा गोल घर दिसेल या आशेने जाऊ नये. पाऊस सरल्यावर जावे आणि काळी संपून पांढरी कुठे सुरू होते, तो मातीचा बदलता रंग पाहावा. खापर दिसले तर जिथे आहे तिथेच राहू द्यावे. शेतात नाणी, दागिने किंवा तसे काही निघाले तर 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे : दहा रुपयांहून अधिक किमतीच्या अशा ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे.

(पुढील भागात : नायकुंडची लोखंडाची भट्टी)