डोंगराळ तालुक्यातील नगरपंचायत : मंडणगडचा परिचयात्मक अभ्यास

प्रस्तावना

‘नगर’ हा शब्द उच्चारला की दाट वस्ती, उद्योग आणि सपाट, मोठ्या रस्त्यांचे चित्र डोळ्यांसमोर येते. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेले मंडणगड या चित्रात बसत नाही. तालुक्याची कचेरी, एस.टी.चे स्थानक, बाजारपेठ, शाळा-महाविद्यालये आणि भोवती डोंगरउतारांवर विखुरलेल्या वाड्या, असे त्याचे स्वरूप आहे. तरीही कायद्याच्या दृष्टीने ते आज नगरपंचायतीचे गाव आहे. प्रस्तुत लेखात मंडणगडची भौगोलिक, ऐतिहासिक व आर्थिक वैशिष्ट्ये मांडून, नागरी दर्जामुळे येथील प्रशासनात कोणता बदल घडला आणि कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला, याचा विचार केला आहे.

भौगोलिक स्वरूप

मंडणगड तालुक्याच्या उत्तरेस सावित्री नदी व बाणकोटची खाडी असून पलीकडे रायगड जिल्हा सुरू होतो. पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस दापोली आणि पूर्वेच्या बाजूस खेड तालुका आहे. किनारपट्टीचा अरुंद भाग वगळता बहुतेक तालुका डोंगराळ आहे. बेसाल्ट खडकावर जांभ्याचे थर आणि त्यांवर पसरलेले उघडे सडे ही येथील भूरचना होय. सड्यावर मातीचा थर पातळ असतो. भातशेती दऱ्यांतील मळ्यांत व उतारावरील बांध घातलेल्या खाचरांत होते. उर्वरित वरकस जमिनीत नाचणी व वरी पिकविण्याची परंपरा आहे.

पाण्याचा प्रश्न या भूरचनेतूनच उद्भवतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे येथे विपुल पाऊस पडतो; परंतु उतार तीव्र असल्याने बरेचसे पाणी थोड्याच वेळात नद्यांवाटे खाडीला मिळते. जांभा सच्छिद्र असल्याने मुरलेले पाणीही तो फार काळ धरून ठेवत नाही. खालच्या चिकणमातीच्या थराशी ते झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते आणि यांतील अनेक झरे उन्हाळ्यात आटतात. म्हणून जुलैमध्ये अतिवृष्टी व मे महिन्यात टंचाई, हा विरोधाभास कोकणातील सर्वच डोंगरी वाड्यांच्या परिचयाचा आहे. पाणी अडविणे हा त्यावरील उपाय असला, तरी बांधलेल्या धरणाची देखभालही तितकीच महत्त्वाची ठरते. जुलै २०२१ मध्ये तालुक्यातील पणदेरी धरणास गळती लागली, तेव्हा खालच्या बाजूच्या रहिवाशांना सुरक्षित स्थळी हलवावे लागले. २ जुलै २०१९ रोजी चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून झालेली जीवितहानी तेव्हा सर्वांच्या स्मरणात ताजी होती.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

गावाला नाव देणारा मंडणगड किल्ला वस्तीलगतच्या डोंगरावर आहे. १८१८ मध्ये पेशवाईच्या अखेरीस तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. तालुक्याच्या वायव्य टोकावरील बाणकोटचा इतिहास मात्र याहून निराळा आहे. तुळाजी आंग्रे यांच्याकडून हा किल्ला गेल्यानंतर १७५६ च्या तहाने तो ईस्ट इंडिया कंपनीकडे आला व ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ या नावाने ओळखला जाऊ लागला. पेशवाईच्या अस्तानंतर दक्षिण कोकणच्या जिल्ह्याचे मुख्यालय काही काळ बाणकोट येथे होते. १८२२ मध्ये ते अधिक मध्यवर्ती अशा रत्नागिरीस हलविण्यात आले. आज जिल्ह्याच्या कोपऱ्यात पडलेला हा प्रदेश जलमार्गाच्या काळात मुंबईच्या जवळचा होता, हे यावरून ध्यानात येते.

आगबोटींची वाहतूक बंद पडल्यावर हे महत्त्व ओसरले. मुंबई–गोवा महामार्ग आणि १९९८ मध्ये पूर्णपणे खुली झालेली कोकण रेल्वे, या दोहोंपैकी एकही मार्ग मंडणगड तालुक्यातून जात नाही. सावित्रीवरील आंबेत–म्हाप्रळ पूल व वेसवी–बागमांडला फेरी हे उत्तरेकडील मुख्य दुवे होत. हा पूल अलीकडच्या काळात दुरुस्तीसाठी बंद ठेवावा लागला, तेव्हा तालुक्याचे दळणवळण किती थोड्या दुव्यांवर अवलंबून आहे, हे स्पष्ट झाले.

सामाजिक इतिहासात तालुक्याचे स्थान आंबडवे गावामुळे अनन्यसाधारण आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे हे मूळ गाव; त्यावरूनच ‘आंबडवेकर’ हे नाव आले. कोकणातील कुळांना पिढ्यान्‌पिढ्या जखडून ठेवणारी खोती पद्धत नष्ट करण्यासाठी बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. खोती कायद्याने रद्द होण्यास १९४९ साल उजाडावे लागले. १२ फेब्रुवारी २०२२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी आंबडवे गावास भेट दिली.

लोकसंख्या व स्थलांतर

२०११ च्या जनगणनेनुसार तालुक्याची लोकसंख्या ६२,१२३ होती. जिल्ह्याच्या १६,१५,०६९ या एकूण लोकसंख्येत हे प्रमाण चार टक्क्यांहूनही कमी असून, नऊ तालुक्यांत मंडणगड सर्वांत लहान ठरतो. रत्नागिरी तालुक्याची लोकसंख्या (३,१९,४४९) त्याच्या पाचपटीहून अधिक होती. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. म्हणजे दहा वर्षांत ८१,७०८ ने घट झाली. या दशकात लोकसंख्या घटलेल्या राज्यातील मोजक्या जिल्ह्यांत रत्नागिरीचा समावेश होतो. जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. कमावता पुरुष मुंबईस आणि शेत, गुरे व वृद्ध यांचा भार गावी राहिलेल्या स्त्रीवर, ही कोकणची कुटुंबरचना या आकड्यामागे उभी आहे.

स्थलांतराने गावाशी नाते मात्र तुटलेले नाही. चाकरमानी गणपती व शिमग्यास गावी येतात. वाडीची मुंबईतील मंडळे देऊळ, शाळा, पाखाडी यांसाठी वर्गणी जमवितात. ज्या सोयी अन्यत्र करातून उभ्या राहतात, त्यांचा काही भाग येथे पूर्वापार वर्गणीतून उभा राहिला आहे.

अर्थव्यवस्था

१९९० मध्ये सुरू झालेल्या रोजगार हमीशी निगडित फळबाग योजनेमुळे कोकणातील वरकस जमिनीवर आंबा व काजूची लागवड वाढली. दापोलीचे कृषी विद्यापीठ जवळ असल्याने काजूच्या वेंगुर्ला जातींचा प्रसार झाला. परंतु फळबागेत भांडवल अनेक वर्षे अडकून राहते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड व दापोली तालुक्यांतील आंबा, काजू, नारळ, सुपारीची झाडे उन्मळून पडली. नुकसान एका हंगामाचे न राहता पुन्हा लागवड करून फळ येईपर्यंतच्या सर्व वर्षांचे झाले.

पर्यटनाच्या बाबतीत वेळासचा उल्लेख आवश्यक आहे. या गावात सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांच्या सहकार्याने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे संरक्षण सुरू केले. पुढे कासव महोत्सव भरू लागला व घरगुती निवास-भोजनाच्या व्यवस्थेतून कुटुंबांना उत्पन्न मिळू लागले. साधनसंपत्ती राखून तिच्यातून उपजीविका कशी साधावी, याचे हे उदाहरण आहे. त्यामागे ग्रामस्थांचा संघटित निर्णय होता, हे विशेष.

ग्रामपंचायतीकडून नगरपंचायतीकडे

ब्रिटिश काळात मंडणगड हा दापोली तालुक्याचा पेटा होता. पुढे तो स्वतंत्र तालुका झाला. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने ग्रामीण भागाकडून नागरी भागाकडे संक्रमण करणाऱ्या क्षेत्रासाठी नगरपंचायतीची तरतूद केली. राज्याच्या १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातील कलम ३४१-अ नुसार अशा क्षेत्रासाठी सर्वसाधारणपणे दहा ते पंचवीस हजार लोकसंख्येचा निकष आहे. २०१४ मध्ये राज्य शासनाने तालुका मुख्यालयांच्या ग्रामपंचायतींचे नगरपंचायतींत रूपांतर करण्याचे धोरण स्वीकारले. मंडणगडचा नागरी दर्जा या धोरणातून, म्हणजे मुख्यालय असण्यातून आला आहे.

या बदलाने सतरा निवडून आलेले सदस्य, नगराध्यक्ष व मुख्याधिकारी अशी यंत्रणा आली. नागरी विकासाच्या योजनांचा निधी, नियोजन व बांधकाम परवानगीची शिस्त हे लाभ झाले. त्याचबरोबर पेठ जिल्हा परिषद व पंचायत समितीच्या कार्यक्षेत्राबाहेर गेली आणि सर्व मतदारांची ग्रामसभा ही संस्था तेथे उरली नाही. डोंगरउतारावरील वाडी नगराच्या हद्दीत आली, तर तिच्या गरजा ग्रामीण राहतात, परंतु तिचा कारभार नागरी नियमांनी चालतो.

येथे फिलिपिन्सशी तुलना उद्बोधक ठरेल. त्या देशात ‘म्युनिसिपालिटी’ म्हणजे केवळ बाजारपेठ नव्हे. ‘पोब्लासियोन’ नावाची मध्यवस्ती आणि भोवतालची ‘बारांगाय’ ही खेडी मिळून एक म्युनिसिपालिटी होते. १९९१ च्या स्थानिक शासन संहितेनुसार तिचा महापौर व परिषद पेठ आणि डोंगरातील खेडी या दोहोंस उत्तरदायी असतात. आपल्याकडे हीच रेषा उलट ओढली गेली आहे : पेठ एका कायद्याखाली व तिच्यावर अवलंबून असलेली गावे दुसऱ्या कायद्याखाली. दोहोंचा एकत्रित विचार करणारी निवडून आलेली संस्था तालुका पातळीवर नाही. पाणलोट, कचरा, रस्ते व आठवड्याच्या व्यवहारासाठी येणारी माणसे ही हद्द पाळत नाहीत.

निष्कर्ष

मंडणगडचे नगरपण त्याच्या सेवाकेंद्र असण्यात आहे. १२ ऑक्टोबर २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते तेथील न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. न्यायालय, रुग्णालय, महाविद्यालय यांसारख्या संस्थांचा लाभ नगराच्या हद्दीतील रहिवाशांइतकाच बाहेरील वाड्यांना होतो. म्हणून अशा नगराचे नियोजन केवळ हद्दीतील लोकसंख्येवरून करणे अपुरे ठरते. नगरपंचायत व लगतच्या ग्रामपंचायतींनी पाणलोट आणि घनकचरा या दोन विषयांपुरता तरी संयुक्त आराखडा करावा, तसेच नगराच्या प्रभागांत ग्रामसभेसारखी खुली बैठक नियमित घ्यावी, असे सुचवावेसे वाटते. ज्या तालुक्यातील तरुण अर्थार्जनासाठी बाहेर जातो, तेथे मागे राहिलेल्या स्त्रिया व वृद्धांचा आवाज निर्णयापर्यंत पोहोचतो की नाही, यावरच नागरी दर्जाचे यश मोजले जाईल.