विंडोज ९८ वर एजीपी ग्राफिक्स कार्ड: रॅम भरपूर, तरी मेमरी अपुरी का?

समजा, १ जीबी रॅम असलेल्या संगणकात तुम्ही जुने एजीपी ग्राफिक्स कार्ड बसवले. विंडोज ९८ सुरू होताना मात्र ‘मेमरी अपुरी आहे’ असा संदेश आला. कार्ड बिघडले असे लगेच समजू नका. बहुधा येथे कमतरता रॅमची नसून पत्त्यांची असते.

३२ बिटांत ४ जीबी मेमरीचे पत्ते मावतात. त्यांपैकी वरचे १ जीबी विंडोज ९८ स्वतःच्या कामासाठी वापरते. फाइल कॅश सांभाळणारा व्हीकॅश हा घटक आणि कार्डाचे एजीपी अ‍ॅपर्चर, दोघांनाही पत्ते याच भागातून मिळतात. रॅम जितकी जास्त, तितके जास्त पत्ते व्हीकॅश अडवतो.

उदाहरणार्थ, व्हीकॅशने ८०० एमबी आणि अ‍ॅपर्चरने १२८ एमबी घेतले, तर १०२४ पैकी केवळ ९६ एमबी उरतात.

उपाय: सिस्टम डॉट आयएनआय या फाइलच्या व्हीकॅश विभागात मॅक्सफाइलकॅशचे मूल्य २६२१४४ लिहा. हे मूल्य किलोबाइटमध्ये, म्हणजे २५६ एमबी आहे. फाइल जतन करून संगणक पुन्हा सुरू करा. मर्यादा फक्त कॅशवर येते. बाकीची रॅम इतर प्रोग्रॅमना वापरता येते.