रात्रीच्या गाडीपर्यंत मलबार हिलवर

मुंबईला आपण फिरायला म्हणून क्वचितच जातो. कुणाचे ऑपरेशन असते, कुणाची कोर्टाची तारीख, कुणाचा मंत्रालयात अडकलेला कागद. काम बाराच्या सुमारास आटोपते, परतीची गाडी रात्रीची असते आणि बरोबर कंटाळलेली दोन मुले. अशा वेळी फलाटावर पिशव्या राखत बसू नका. मलबार हिलवर जा. रस्त्याच्या दोन बाजूंना दोन बागा आहेत आणि दोन्हींना तिकीट नाही.

आधी ओझ्याचे बघा. मोठ्या स्टेशनांवर सामान ठेवायची खोली असते, पण तिथे कुलूप लावलेली बॅगच घेतात आणि प्रवासाचे तिकीट दाखवावे लागते. तोंड बांधलेले पोते ते घेणार नाहीत. म्हणून घरून निघतानाच एक कुलपाची बॅग घ्या. भाकरी मात्र हातातल्या पिशवीत असू द्या.

पश्चिम रेल्वेच्या चर्नी रोड किंवा ग्रँट रोडला उतरा. या भागात ऑटोरिक्षा चालत नाहीत, त्यामुळे तिची वाट पाहत थांबू नका. काळी-पिवळी टॅक्सी करा आणि मीटर टाकायला सांगा. फेब्रुवारी 2025 मध्ये तिचे किमान भाडे 31 रुपये झाले. चढ चांगलाच आहे, म्हातारी माणसे बरोबर असतील तर चालत जाण्याचा हट्ट नको.

पहिली बाग हँगिंग गार्डन. फिरोजशहा मेहता उद्यान हे तिचे खरे नाव. 'लटकते कुठे?' असे मुले विचारतीलच. लटकत काहीच नाही. झुडपे कातरून केलेली जनावरे आहेत, फुलांचे वाफे आहेत, आणि या सगळ्याच्या पायाखाली पाण्याची टाकी आहे! एकोणिसाव्या शतकात बांधलेली ही टाकी 14 कोटी 70 लाख लिटरची आहे आणि दक्षिण मुंबईला तिचे पाणी जाते. 2023 साली ती नव्याने बांधायचे घाटत होते. बाग काही वर्षे बंद राहील, झाडे जातील, म्हणून लोकांनी विरोध केला.

हे मुद्दाम सांगतो आहे. मुंबईचे बहुतेक पाणी ठाणे, पालघर, नाशिककडच्या धरणांतून येते. जवळजवळ निम्मे एकट्या भातसाचे. भातसा आणि 1892 चे तानसा, दोन्ही शहापूर तालुक्यात. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायाबापड्या टँकरची वाट पाहतात. तेव्हा त्या हिरवळीकाठी बाकावर बसताना आपण कुणाच्या बंगल्यात शिरलो आहोत, असे अंग चोरून बसू नका. माझी आई पहिल्यांदा गेली तेव्हा चपला काढून हातात घेऊन उभी होती. 'इथं बसलं तर चालतं का?' असे माळ्याला विचारत होती. माळी आमच्याच बाजूचा निघाला, हसला आणि सावलीतला बाक दाखवून गेला.

समोरची कमला नेहरू बाग मुलांची. तिथला दगडी वाटावा असा मोठा बूट एका इंग्रजी बालगीतातल्या म्हातारीचा आहे. आत जिना आहे. मोठ्यांनी खालीच थांबावे, वर जागा थोडी. चुकामूक झाली तर भेटायचे ठिकाण म्हणून हाच बूट ठरवून टाका आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक मुलाच्या खिशात घाला. फोटो काढून देणारा कोणी भेटला, तर पैसे आधी विचारा. नंतरचा भाव नेहमी जास्त असतो. जवळच 2025 साली झाडांतून जाणारी लाकडी पायवाट झाली आहे, पण तिला तिकीट आहे. पैशांची ओढ असेल तर तिच्यावाचून काही अडत नाही.

पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, हेही लक्षात ठेवा.

आता परतीचे. गाडी दादर किंवा कल्याणहून पकडायची असेल, तर चारच्या आत बाग सोडा. पाचनंतर ऑफिसे सुटतात आणि त्या लोकलमध्ये पोर कडेवर घेऊन चढणे आपले काम नव्हे. गाडी सीएसएमटीहून असेल तर लोकल लागतच नाही, सरळ टॅक्सीने जाता येते. मग थोडे थांबा. कमला नेहरू बागेच्या कठड्यापाशी उभे राहिले की खाली गिरगाव चौपाटी आणि मरीन ड्राइव्हचा वाकलेला रस्ता दिसतो. अंधार पडू लागला की तिथले दिवे लागत जातात. तेवढे मुलांना दाखवा आणि उतरा.