कुंडीवरचा रंग का सुटतो?

पश्चिम रेल्वेवर पालघर आणि बोईसर यांच्यामध्ये उमरोळी हे स्थानक आहे. या परिसरातील पाड्यांवर कुडाच्या भिंती शेणामातीने सारवून, वर गेरू देऊन तांदळाच्या पिठाने वारली चित्रे काढण्याची जुनी रीत आहे. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर व कापडावर आणली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तीच नक्षी आता मातीच्या कुंड्यांवरही काढतात. पण पुष्कळदा काही महिन्यांतच रंगाला फोड येऊन पापुद्रे सुटतात. असे का होते?

कुंडी भट्टीत भाजताना सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास मातीच्या कणांत रासायनिक रीत्या बांधलेले पाणी निघून जाते. म्हणून भाजलेल्या मातीचा पुन्हा चिखल होत नाही. कण एकमेकांना चिकटतात, पण त्यांच्यामध्ये सूक्ष्म छिद्रे उरतात. तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, गेरूचाही तोच.

झाडाला घातलेले पाणी या छिद्रांतून केशाकर्षणाने बाहेरच्या पृष्ठभागाशी येते आणि त्याची वाफ होते. माठातले पाणी गार होते ते याच क्रियेमुळे. पाण्याबरोबर माती व खतातील क्षारही येतात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. जुन्या कुंडीवरची पांढरी भुकटी ती हीच. आता बाहेरून तैलरंगाचा सलग थर दिला, तर ही वाट बंद होते. पाणी थरामागे साचते, क्षारांचे स्फटिक तेथेच वाढतात आणि रंगाला आतून ढकलतात.

कुंडीला आतून व्हार्निश लावले तर रंग जास्त टिकेल. पण मग माती अधिक काळ ओली राहील आणि मुळांना हवा कमी मिळेल. रंग जपावा की झाड? दोन्ही साधण्याचा सोपा उपाय म्हणजे स्टेन्सिल, अर्थात नक्षी कापून काढलेला कागद. कापलेल्या जागीच रंग लागतो, बाकीची कुंडी उघडी राहते. वारली चित्रातही पांढऱ्या रेषांभोवती मोकळी जागा भरपूर असते.

मात्र कागदाची सरळ पट्टी कुंडीवर नीट बसत नाही, कारण कुंडी हा शंकूचा तुकडा आहे. समजा, वरचा व्यास २० सेंमी, तळाचा १४ सेंमी आणि तिरकी उंची १८ सेंमी आहे. शंकूच्या टोकापासून वरच्या काठाचे अंतर १८ × २० ÷ (२० − १४) = ६० सेंमी. खिळा व दोरी घेऊन ६० आणि ४२ सेंमी त्रिज्यांचे दोन कंस ६० अंशांच्या कोनात काढा. तो तुकडा कुंडीभोवती बरोबर बसेल. कुंडी पूर्ण वाळलेली असावी. पाण्यात मिसळणारा रंग दाट ठेवून स्पंजने टिपत लावावा. पातळ रंग केशाकर्षणाने कागदाखाली पसरतो.

आता प्रयोग करा. तीन सारख्या कुंड्या घ्या : एक कोरी, एक स्टेन्सिलने रंगवलेली, एक पूर्ण तैलरंग दिलेली. तळाचे भोक मेणाने बुजवा, सारखे पाणी भरा, तोंड प्लॅस्टिकने बांधा आणि आठवडाभर रोज ठरावीक वेळी वजन करा. भिंतीने शोषलेले पाणी कुंडीतच राहते; म्हणून वजनात येणारी घट म्हणजे भिंतीतून उडून गेलेले पाणी. तिन्हींचे आलेख एकाच कागदावर काढा. कोणती कुंडी किती श्वास घेते, ते तुम्हांला आकड्यांत दिसेल.