तेलात बुडवले तरी उष्णता उरतेच

भोपाळच्या उत्तरेकडील करोंद परिसरात मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. अशा ठिकाणी घरात बिटकॉइनचे मायनिंग करायचे, तर खरा प्रश्न उष्णतेचा असतो. ‘अँटमायनर एस१९ प्रो’ हे एक यंत्र सुमारे ३,२५० वॅट वीज घेते. ती जवळजवळ सारी अखेर उष्णताच होते. दोन मोठे हीटर अहोरात्र पेटते ठेवण्यासारखेच हे आहे.

यावर उपाय म्हणून पंखे काढून यंत्र वीजरोधक तेलाच्या टाकीत बुडवले जाते. रस्त्याकडेच्या विजेच्या रोहित्रातही हेच तत्त्व असते. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा तेल हजारपटीहून अधिक उष्णता सामावून घेते. पंप ते रेडिएटरकडे नेतो. तेथे निवलेले तेल टाकीत परतते.

मात्र तेल उष्णता वाहून नेते, नाहीशी करत नाही. साध्या रेडिएटरने ते भोवतालच्या हवेपेक्षा थंड होत नाही. त्यामुळे रेडिएटर घराबाहेर, सावलीतच हवा. भोपाळच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याला कूलरप्रमाणे पाण्याची जोड देता येते. गोव्याच्या दमट हवेत त्या युक्तीचा फारसा उपयोग होत नाही. शिवाय खनिज तेल ज्वलनशील असते आणि पीव्हीसीचे वेष्टन असलेल्या तारा त्यात कालांतराने कडक होतात.

एप्रिल २०२४मध्ये बिटकॉइनच्या प्रत्येक ब्लॉकमागील नवे बक्षीस निम्म्यावर, ३.१२५ वर आले. आभासी मालमत्तेच्या हस्तांतरणातून होणाऱ्या उत्पन्नावर भारतात ३० टक्के कर आहे. म्हणून टाकी घेण्याआधी विजेचा हिशेब मांडावा: एका यंत्राला ३० दिवसांत २,३४० युनिट लागतात. पंपाची वीज वेगळीच.